सासूची अफू

पोर दूध ओढत नव्हती. मी तिचं तोंड बोटानं उघडलं, पिळून चार थेंब आत पाडले, तर ते ओठांच्या कडेनं बाहेर आले आणि गळ्यावर उतरले. ओठ जांभळे पडले होते. नखंही. छातीला कान लावला. श्वास होता, पण एक येऊन गेला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

दुपार टळली होती. सुगीचे दिवस, जोंधळ्याची काढणी चाललेली. दूध दाटून चोळी भिजली म्हणून मी शेतातून धावत घरी आले होते. पोर आठ महिन्यांची. एवढ्या वेळात तिनं भुकेनं घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. सासू भिंतीला टेकून बसली होती आणि झोळीची दोरी ओढत होती. मी पोर उचलून घेतली होती, तरी ती रिकामी झोळी हलवतच होती.

"आत्याबाई, गोळी किती दिली?"

"आं?"

"पोरीला गोळी किती दिली?"

"दिली की. सकाळी दिली." मग थोडं थांबून म्हणाली, "रडाया लागली म्हून दिली."

"कवा रडाया लागली? सकाळी का आत्ता?"

तिनं आठवून बघितलं. खरोखरच बघितलं, कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाली, "झोपलीय गं. उठंल. तू भाकर खाल्ली का?"

दोनदा दिली होती. कदाचित तीनदाही. तिला स्वतःला माहीत नव्हतं, तर मला कुठून कळणार?

मी पोर घेऊन सुइणीकडं पळाले. ती आमच्याच आळीत राहायची, सगळे तिला मावशी म्हणत. तिनं पोरीची पापणी वर केली, बघितलं आणि सासूला एक शिवी दिली. गरम पाण्यात हिंग कालवला आणि नाक दाबून पोरीच्या घशात घातला. कोंबडीचं पीस घशात फिरवलं. पोर ओकली. काय ओकली ते बघायला मावशी खाली वाकली आणि म्हणाली, "आता हिला झोपू देऊ नको. तळवं चोळ. कान पिळ. मारलीस तरी चालंल."

शेजारीण शेतातून परतली होती, ती हुंगवायला कांदा फोडून घेऊन आली. तिचा मुलगा माझ्या पोरीपेक्षा महिनाभरानं मोठा, तो तिच्या काखेत झोपला होता. आम्ही तिघी आळीपाळीनं पोरीला हलवत राहिलो. थंड पाणी मारलं. मी तिच्या तळव्यांवर टिचक्या मारून मारून माझंच बोट सुजवलं. दिवे लागायच्या सुमारास ती रडली. मांजराच्या पिलासारखा आवाज होता. मावशी म्हणाली, "रडू दे. थांबवू नको," आणि तंबाखू मळायला बसली.

मी पोर घेऊन घरी आले तेव्हा सासूनं चूल पेटवली होती. तिनं विचारलं, "उठली का?" मी पोर घेऊन तशीच आत गेले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

ही गोळीची रीत आता गेली, म्हणून सांगावी लागते. तेव्हा आमच्याकडं मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य. डोंगराचा कडा ओलांडून पुढं गेलं की इंग्रजी हद्द लागायची. माझं माहेर त्या हद्दीत. तिथं मुलींना शाळेत घालत, म्हणून मी चौथीपर्यंत शिकले, मला लिहायला वाचायला येतं. पण गोळी तिकडंही होती आणि इकडंही. मूल महिन्याचं झालं की मोहरीएवढी अफू आईच्या दुधात बोटानं घासायची आणि ते बोट त्याला चोखायला द्यायचं. मूल झोपतं. बाई शेतात जाते. जोंधळा उपटायला दोन्ही हात लागतात, पाठ वाकलेली असते, वर ऊन. काखेत मूल घेऊन ते काम होत नाही. म्हणून सगळ्या देत. माझ्या पोरीला होती, शेजारणीच्या मुलाला होती, आमच्या आयांनी आम्हाला दिली होती. गोळी दिलेलं मूल गुणी दिसतं. रडत नाही, मागत नाही. पाहुणे त्याचं कौतुक करतात.

सुगीत, आणि एरवीही शेताच्या कामाला जाताना, आमच्या आळीतली तान्ही पोरं माझ्या सासूकडं ठेवायची पद्धत पडली होती. ओसरीवर झोळ्या बांधलेल्या असायच्या. सासू मधे बसायची, पायाच्या अंगठ्याला एक दोरी, हातात दोन. बाया जाताना मूल द्यायच्या, येताना घ्यायच्या आणि पदरातली चार कणसं ओसरीवर टाकायच्या. सासूचा हात त्या बाबतीत सगळ्यांत चांगला असं म्हणत. कोणत्या पोराला केवढी लागते हे तिला बोटाच्या अंदाजानं कळायचं.

आणि ती स्वतः अफू खायची. माझ्या नवऱ्याच्या पाठचं मूल गेलं तेव्हा तिची कंबर धरली, कुणीतरी दिली, ती तिथून सुटलीच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरा नव्हता. सासूचा कुंकवाचा करंडा होता, सागवानी, त्यात आता कुंकू कशाला असणार. त्यात अफू असायची. सकाळी हरभऱ्याच्या डाळीएवढी, दुपारी तेवढीच. आठवडी बाजाराच्या गावाला सरकारी ठेक्याचं दुकान होतं. नवरा दर बाजारला मीठमिरचीबरोबर आईची अफू आणायचा. त्यात लपवण्यासारखं काही कुणाला वाटत नव्हतं.

अफू घेतलेली सासू चांगली होती. दळायची, पाणी आणायची, माझ्या स्वयंपाकाची थट्टा करायची. "इंग्रजीतली पोर, भाकरीला भूगोल शिकवती का गं? जागोजाग डोंगर आलेत," असं म्हणायची. अफू उशिरा मिळाली की तीच बाई मला उभी चिरायला यायची. मी सकाळी तिचा चेहरा बघून मगच चुलीपाशी जायची.

त्या सुगीच्या आधी दोन महिन्यांपासून मात्र ती विसरायला लागली होती. मीठ दोनदा घालायची. दळण अर्धं टाकून उठायची. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं. दुपारची डाळ आता हरभऱ्याएवढी झाली होती, हे आमच्यातल्या कुणी बघितलं नव्हतं.

पोर शुद्धीवर आली त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं कळलं. त्यानं करंडा उचलून चुलीत टाकला. घरभर अफूचा वास सुटला. सासू हात पुढं करून चुलीपाशी गेली आणि मागं फिरली. नवरा ओरडला, "ए माय, तुला नात पायजे का आफू पायजे?"

"नात पायजे बाबा."

"मंग उचल बेलभंडारा."

देवापुढं बेलाचं पान आणि हळद ठेवली. एकदा ते उचललं की माणूस शब्द मोडत नाही असं आमच्याकडं धरतात. सासूनं ते झटकन उचललं. एवढं झटकन की नवरा समाधानानं जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी तिला जांभया सुरू झाल्या. एकीमागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाकाडोळ्यांतून पाणी. उन्हात बसून ती थंडीनं कुडकुडायची, घोंगडी घेतली की फेकायची. पोटात मुरडे, हगवण. पाय जमिनीवर आपटायची. मी तिचे कपडे धुतले, तिला धरून बाहेर नेलं आणलं. ती मला नको नको ते बोलली. माझ्या आईला बोलली, माझ्या शाळेला बोलली. मी ऐकून घेतलं. म्हटलं, शपथ घेतलीय, निभावते आहे.

चौथ्या सकाळी मी उठले तर जात्याचा आवाज येत होता. सासू दळत होती. केस विंचरलेले. "उठा बाईसाब," म्हणाली. मी जवळ जाऊन तिच्या डोळ्यांत बघितलं. बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. असा बारीक ठिपका मी माझ्या पोरीच्या डोळ्यात बघितला होता.

नवरा गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता.

"अवो, आत्याबाई बऱ्या झाल्या."

"मंग चांगलं हाय की."

"त्यांचं डोळं बघितलं का तुमी?"

तो वैरण सारखी करत राहिला.

"कुणी आणून दिली?"

"मी दिली."

"तुमीच करंडा जाळला ना?"

"तीन दिस हगून हगून मरायला टेकलती ती. बघवत नव्हतं. तुझी माय असती तर तू काय केलं असतं?"

"माझी माय असती तर झोळीपाशी बसवली नसती."

त्यानं टोपली आपटली आणि शेताकडं निघून गेला. वाईट माणूस नव्हता तो. आईचे हाल बघवेनात म्हणून अफू दिली आणि लेकीचे हाल झाले म्हणून करंडा जाळला. दोन्ही वेळा त्याला जे बघवलं नाही ते त्यानं थांबवलं. सासूच्या मनात काय आहे हे त्यानंही विचारलं नाही, मीही नाही.

इकडं माझी पोर. तिला मी त्या दिवसापासून गोळी बंद केली होती. सासूपाशीही ठेवत नव्हते. पाठीला बांधून शेतात न्यायचे, बांधावर बाभळीला झोळी टांगायचे. ती दिवसभर रडायची. साधं भुकेचं रडणं नव्हे, हातपाय ताठ करून, मागं वाकून रडायची. जांभया द्यायची, शिंकायची, हिरवं पाणी हगायची. मी मावशीला विचारलं, "नजर लागली का हिला?"

मावशी म्हणाली, "नजर न्हाई बये. तलफ हाय. पोटातून बाहेर पडल्यापून देताव, तलफ न्हाई यायची व्हय?"

आठ महिन्यांच्या पोरीला तलफ. मी ते ऐकून घरी आले आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही.

शेतात बाया वैतागल्या. मी दर घटकेला काम सोडून बांधाकडं पळायची. शेजारीण माझ्या शेजारच्या पातीला, काढणीच्या ओळीला, असायची. तिचा मुलगा अजूनही रोज सासूच्या ओसरीवर असायचा. ती म्हणायची, "कावून छळतीस गं लेकराला? मोहरीएवढी दे की. एकदा चूक झाली म्हून काय समद्या जगानं सोडावं का?"

"मला भ्या वाटतं."

"भ्या तुला वाटतंय आन रडतीय ती. माझा बघ, कसा राजावानी झोपतोय." मग बाकीच्यांना, "इंग्रजीतली बाई हाय, तिची लेक बिनगोळीची बालिष्टर व्हनार." सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार?

एका संध्याकाळी पोर अशीच अंग ताणून रडत होती. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. सासूनं तिला मांडीवर घेतलं. मी हात तसेच ठेवून तिच्या बोटांकडं बघत राहिले. तिनं फक्त पदरानं पोरीचं नाक पुसलं. पोरीनं जांभई दिली, लगेच दुसरी दिली. सासू तिच्याकडं बघत होती.

"हिला माझ्यावानीच व्हतंय," ती म्हणाली.

"व्हय."

"समदं तसंच. पोट, नाक, अंगावर काटा."

"व्हय, आत्याबाई."

"हिनं काय बेलभंडारा उचललता?"

"न्हाई."

"मंग ही कशी ऱ्हाते?"

"तिला कुणी देत न्हाई म्हून ऱ्हाते."

पोर तिच्या मांडीवर रडतच राहिली.

आठवडाभरात पोर निवळली. आधी झोप आली, खरी झोप, दूध पिऊन येते ती. मग ती हसायला लागली, मग माझे केस ओढायला लागली. गोळीत होती तोवर तिनं कधी केस ओढले नव्हते. सासू हे सगळं बघत होती आणि रोज आपली अफू खात होती. आता चोरून नाही. नवरा आणायचा, ती घ्यायची, आणि घेतल्यावर आमच्याकडं पाठ करून बसायची.

मग एक सकाळ अशी आली. शेजारीण नेहमीसारखी मूल घेऊन ओसरीवर आली आणि पुढं केलं. सासूनं दोन्ही हात काखेत घातले.

"माझ्यापाशी देऊ नको."

"आं? कावून?"

"देऊ नको म्हनते ना. आजपून कुनाचंच ठेवायची न्हाई मी."

"आत्याबाई, काढणी चाललीय. आता कुठं नेऊ मी ह्याला?"

"तुझं लेकरू हाय, तू बघ."

बाकीच्या बायाही आल्या आणि परत गेल्या. दुपारपर्यंत सगळ्या गावात झालं की म्हातारीला माज आला. कुणी म्हणालं कणसं कमी पडली असतील. नवऱ्यानं संध्याकाळी तोंड सोडलं, "भर सुगीत आळीला नाराज केलंस माय. एका पोरीचं झालं ते झालं, किती दिस रुसून बसशील?"

सासू म्हणाली, "रुसले न्हाई. माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई. तुमाला आसंल तर तुमी येडे हाव."

नवऱ्याला ते रुसणंच वाटलं. आळीलाही. मला मात्र ते वाक्य झोपू देईना. शपथ घेतली तेव्हा ती जे बोलली ते आमचे शब्द होते, आम्ही तोंडात घातलेले. अफू सोडीन, पुन्हा हात लावणार नाही, असं. आज ती सोडण्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. अफू चालूच होती. पण इतकी वर्षं तिचा हात चांगला म्हणून जी आळी तिला मान देत होती, तो मान तिनं स्वतःच्या तोंडानं टाकून दिला होता. मला वाटलं, ही आता कुठंतरी निघाली आहे. पोचेल की नाही कोण जाणे. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती बिचकली असती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी माहेरहून माझे दोन भाऊ अचानक आले. ताक थोडं होतं. मी त्यात मीठ टाकलं, जिरं चोळलं आणि वाढलं, आणि जेवढं काढलं तेवढं पाणी वर ओतत गेले. सासू चुलीपाशी बसून बघत होती. भाऊ गेल्यावर म्हणाली, "त्यांना कळलं न्हाई."

"काय?"

"ताक वाढवलेलं."

"एकदम पाणी घातलं आस्तं तर कळलं आस्तं," मी म्हटलं. "थोडं थोडं घातलं म्हून चाललं."

दुसऱ्या दिवशी तिनं तालुक्याच्या दवाखान्यातून कधीकाळी आणलेली काचेची शिशी शोधून काढली, राखेनं घासली. नवऱ्यानं नुकतीच आणलेली अफूची वडी माझ्या हातात दिली.

"ही समदी ह्या शिशीत इरघळव. सकाळी एक पळी दे, दुपारी एक पळी दे. जेवढं काढशील तेवढं पानी वर टाक. ताकावानी."

मी वडी तळहातावर तोलून बघितली.

"शिशी तुझ्यापाशी ठिव. मी मागितली तर देऊ नको. शिव्या दिल्या तर देऊ नको. पाया पडले तरबी देऊ नको."

"माझ्यापाशी कावून? तुमच्या लेकापाशी द्या."

"तो दील," सासू म्हणाली.

तिला आपल्या लेकाची पारख होती आणि माझीही. मी कठोर आहे हे तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. त्यावरून आमची भांडणंही झाली होती.

शिशीतलं पाणी आधी काढ्यासारखं काळपट होतं. हळूहळू फिकं व्हायला लागलं. तिला त्रास झाला, पण पहिल्या वेळेसारखा नाही. जांभया यायच्या, पाय दुखायचे, झोप मोडायची. चिडायची. पण पळी घेतली की पाणी मी टाकते की नाही हे ती स्वतः बघायची. एकदा मी विसरले तर ओरडून आठवण केली. नवऱ्याला मी दम दिला होता, बाजारातून आणलीत तर मी पोर घेऊन माहेरी जाईन. तो घाबरला नाही, पण त्यानं आणली नाही.

खळ्यावर कणसं आली तोवर असंच चाललं होतं. थोड्या शेतांची काढणी राहिली होती. त्यात शेजारणीचं शेत होतं. सासूनं मूल ठेवायला नकार दिल्यापासून ती मुलाला शेतात न्यायची आणि स्वतःच्या हातानं गोळी द्यायची. तिच्या हाताला ती सवय नव्हती. पहिल्यापासून दिवसाची गोळी सासूनंच दिलेली. केवढी द्यायची ते तिनं फक्त बघितलेलं. त्या दिवशी मूल सकाळपासून किरकिरत होतं. तिनं एक दिली. मग आणखी थोडी. बाभळीखाली झोळीत निजवलं आणि पातीला लागली. ती परत आली तेव्हा मुलाच्या ओठांवर मुंग्या होत्या.

मावशीला बोलावणं गेलं. ती गेली आणि लगेच परत आली.

सासू त्यांच्याकडं गेली. मी सोबत गेले, पोर घरी नवऱ्याजवळ ठेवून. शेजारीण अंगणात बसली होती, मांडीवर मूल. रडत नव्हती. सासूला बघून म्हणाली, "आत्याबाई, तुमी ठिवला आस्ता तर जगला आस्ता."

जमलेल्या बाया सासूकडं बघायला लागल्या. मावशीनं शेजारणीला गप्प करायचा प्रयत्न केला, तर ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "तुमच्या हातात येक बी पोर मेलं न्हाई. मलाच तोंडावर न्हाई म्हनलात."

ती बोलली ते सगळं खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. सासूच्या ओसरीवर ते मूल त्या दिवशी मेलं नसतं, कदाचित. दुसऱ्या कुठल्या दिवशी मेलं असतं, किंवा माझी पोर मेली असती. असला हिशेब अंगणात मांडता येत नाही.

सासू घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "शिशी दे."

"दुपारची पळी घेतलीत तुमी."

"पळी न्हाई. शिशी."

"न्हाई."

"ए भवाने, माझी आफू हाय ती. माझ्या लेकाच्या पैशाची. दे."

"तुमीच सांगितलंय देऊ नको."

"आता मीच सांगती दे!"

तिनं मला थोबाडीत मारली. तिच्या हातात अजून ताकद होती. नवरा म्हणाला, "दे की गं, येवढ्यानं काय व्हतंय, आजचा दिस बघ की कसला हाय." मी शिशी कंबरेला खोचली, पोर उचलली आणि गोठ्यात जाऊन बैलांच्या मधे बसले. तिथं सासू येत नसे, एक बैल मारका होता. ती अंगणात उभी राहून ओरडत होती. मी तिच्या घराची वाट लावली, मी बाहेरची, मी चेटकीण, आळीतलं पोर माझ्या शहाणपणानं खाल्लं. आळीला सगळं ऐकू जात होतं. पलीकडं मयताची तयारी चालली होती. मला भीती एकच होती. तिचा आवाज खाली आला आणि ती रडत विनवायला लागली, तर मी देईन.

ती विनवायला आली नाही. ओरडून ओरडून ओकली आणि तिथंच बसली. नवऱ्यानं तिला आत नेलं.

सकाळी मी गोठ्यातून बाहेर आले. सासू ओसरीवर बसली होती, डोळे सुजलेले. मला वाटलं आता पुन्हा सुरू होईल. ती म्हणाली, "पळी दे."

मी पळीभर दिलं. तिनं ते प्यायलं, तोंड वाकडं केलं. मी शिशी बंद करायला लागले तर म्हणाली, "आन पानी?"

मी पाणी टाकलं.

गालाबद्दल ती कधी बोलली नाही. मीही काढलं नाही. शेजारणीनं आमच्याकडं येणं सोडलं. आडावर भेटली तर वाट सोडून जायची. आळीतल्या दोघी बायांनी त्यानंतर गोळी बंद केली, बाकीच्यांनी केली नाही. एका घरात मूल मेलं म्हणजे दुसऱ्या घरात कळतंच असं नाही. पुढच्या सुगीत बांधावर पुन्हा झोळ्या होत्या, आणि त्यातली काही पोरं फार गुणी होती.

शिशीतलं पाणी शेवटी निखळ पाण्यासारखं झालं. सासूला ते दिसत होतं, तरी कितीतरी दिवस ती पळी मागायची आणि मी द्यायची. मग एका पावसाळी सकाळी तिनं मागितली नाही. मीही आठवण केली नाही. तिला म्हातारपणी झोप कमीच यायची, गुडघे दुखायचे, दुखले की ती सगळ्यांना शिव्या द्यायची. मोगलाई गेली तेव्हा ती होती. लोक तिला विचारायचे, म्हातारे, आफू कशी सोडलीस? ती म्हणायची, "सुनेनं दिली न्हाई." ते पूर्ण खरं नव्हतं, पण मी दुरुस्त करत बसले नाही.

माझी लेक जगली. तिला आज नातवंडं आहेत. सासूही जगली, त्यानंतर पुष्कळ वर्षं. शेजारणीचा मुलगा जगला नाही.